अनुभव धागा : सत्र संपतानाचा शाळेतला एक दिवस (सोलापूर)

1 मेला निकाल आणि 2 मेपासून सुट्टी, बाहेरून एवढंच दिसतं. मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका माध्यमिक शाळेत गेली 22 वर्षं लिपिक आहे. 30 एप्रिलचा दिवस आमच्याकडे कसा जातो ते लिहिते आहे. शिक्षक, शिपाईमामा, आहार शिजवणाऱ्या ताई, ग्रंथपाल, निवृत्त मंडळी, तुम्हीही लिहा. मोठं जमलं नाही तर चार ओळी लिहा, पण लिहा.

शाळा सकाळची. सात वाजता कार्यालयाचं कुलूप काढलं तेव्हाच खिडकीशी नऊ-दहा पालक उभे होते. आमच्याकडे यंत्रमागावर काम करणाऱ्यांची आणि विड्या वळणाऱ्या बायकांची मुलं जास्त. कुणी भिवंडीला निघालेलं, कुणी सुरतेला, म्हणून दाखला हवा. तिकडे मुख्याध्यापक निकालपत्रकं मागतायत, वर्गशिक्षक रकाने जुळवायला येतायत, आणि आधारवरचं नाव रजिस्टरशी न जुळणाऱ्या मुलांची यादी संगणकावर उघडीच आहे. तेलुगू घरांत आडनाव आधी लावायची पद्धत, त्यामुळे एकच मूल दोन कागदांवर दोन नावांनी असतं. ते मार्गी लागलं नाही तर संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, मूल धरलं जात नाही आणि शिक्षकाचं पद धोक्यात येतं.

या सगळ्यात मी दाखला मात्र घाईत लिहीत नाही. त्याला कारण आहे. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी अशाच गर्दीत मी एका मुलाच्या जन्मतारखेत 11 चे 17 केले. रजिस्टरमध्ये जुन्या हाताने लिहिलेला 1 चा आकडा थोडा वाकडा होता, तो मला सात दिसला. शेजारच्या अक्षरी रकान्यात ‘अकरा’ स्वच्छ लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नाही. मी अक्षरीही ‘सतरा’ लिहून मोकळी झाले. काही वर्षांनी तो मुलगा नोकरीच्या कागदपत्रांसाठी भिवंडीहून रात्रीच्या गाडीने आला. मूळ नोंद बरोबर होती म्हणून दुरुस्त दाखला देता आला, पण त्याचे दोन हेलपाटे झाले, दोन दिवसांची मजुरी बुडाली. तो एक शब्द वावगा बोलला नाही. “मॅडम, आता नीट आहे ना?” एवढंच विचारलं.

तेव्हापासून मी आधी अक्षरी तारीख मोठ्याने वाचते आणि मग आकडा लिहिते. काल एक विडीकामगार अक्का समोर बसून ऐकत होत्या. लेकीची तारीख मी वाचली तशी त्यांनी मान डोलावली. वाचता येत नाही, पण लेकीची तारीख त्यांना तोंडपाठ होती. आता मी सगळ्यांसमोरच वाचते. दुपारी एकपर्यंत 31 दाखले झाले. कुलूप लावलं तेव्हा साडेचार वाजले होते आणि बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं.

प्राथमिक शिक्षिका, जुळे सोलापूर

2025 साल मी विसरणार नाही. पहिली ते नववीच्या परीक्षा राज्यभर एकाच वेळापत्रकाने 25 एप्रिलपर्यंत चालल्या आणि निकाल मात्र 1 मेलाच. माझी चौथी, पट 46. प्रत्येक मुलाची प्रत्येक विषयाला वर्णनात्मक नोंद. पंखा लावला की कागद उडतात आणि बंद केला की घामाने शाई फुटते, म्हणून पेपरांवर मुलांच्या पाट्या ठेवून तपासले.

लिहायचं आहे ते एका मुलीबद्दल. घरी तेलुगू, वर्गात वर्षभर जवळजवळ गप्प. तिच्यापुढे मी ‘आत्मविश्वासाने बोलत नाही’ असं लिहून पान उलटलं होतं. रात्री अकराला वह्यांचा गठ्ठा बांधताना परिसर अभ्यासाची तिची वही हाताला लागली. तिने वडिलांच्या यंत्रमागाचं चित्र काढलं होतं आणि धोटा, कांडी, बीम असं सगळं बाण करून मराठीत लिहिलं होतं. त्या चित्रात मला ज्याचं नाव येत नव्हतं तेही तिला येत होतं. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं, ‘घरच्या व्यवसायाची माहिती चित्रातून अचूक सांगते.’ पाच दिवसांत 46 मुलं उरकताना अशा किती वह्या माझ्या हाताखालून न उघडता गेल्या असतील, हे मला अजून टोचतं. मूल्यमापनाला वेळ द्या, एवढीच माझी मागणी आहे.

शिपाई, नवी पेठेजवळची शाळा

मॅडमनी लिहा म्हटलं म्हणून लिहितो. आमच्यात पूर्वी चौघं होतो, आता मी एकटा. 2020 च्या सरकारी निर्णयानं शिपायाची पदं रद्द झाली, त्या जागी शाळेला भत्ता आला. म्हणजे घंटाही मीच, टपालही मीच, टाकीही मीच.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना वर्ग बंद करायची घाई असते. मला काळजी पाण्याची. आपल्याकडं नळाला रोज पाणी येत नाही, चार-पाच दिवसांनी येतंय. सुट्टीत ज्या दिवशी पाणी येईल त्या दिवशी यायचं, टाकी भरायची आणि पोरांनी लावलेल्या लिंबाच्या रोपांना घालायचं. सातवीच्या पोरांनी बारा रोपं लावल्यात. निकाल घेऊन जाताना एकजण म्हणला, “मामा, माझं तिसरं हाय बरं का, भिंतीकडचं.” तिसऱ्याला खडूनं खूण केलीय. अकरा जगली आहेत, तिसरं धरून.

आहार शिजवणारी ताई, उत्तर सोलापूर तालुका

पहिली ते पाचवीला माणशी 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला 150 ग्रॅम. हिशेब पाठ आहे. पण शेवटच्या आठवड्यात पट रोज हलतो. कुणी मामाच्या गावाला, कुणी लग्नाला. सकाळी साडेसातला मोठ्या बाई वर्गावर्गातून आकडा आणतात, तोवर मी आधण ठेवून बसते. जास्त शिजलं तर वाया जातं आणि कमी पडलं तर मागच्या ओळीतलं पोर ताट घेऊन उभं राहतं. ते बघवत नाही, म्हणून दोन मुठी जास्तच टाकते. शेवटी उरलेला तांदूळ तोलून वहीत चढवायचा, पोत्याचं तोंड शिवायचं, पिंप उंदरांपासून लांब ठेवायचं.

आम्हाला मानधन वर्षातले दहा महिने. मे महिन्यात शेतात नाहीतर लग्नाच्या स्वयंपाकाला जाते. हे कुणी विचारत नाही म्हणून सांगितलं.

ग्रंथालय सांभाळणारी सहशिक्षिका

माझं थोडकंच. सरकारी पुस्तकं परत घ्यायची, फाटकी वेगळी करायची. 2023 पासून दोन वर्षं पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं होती, नंतर ती बंद झाली. ती पुस्तकं परत घेताना मी पानं चाळायचे. एका सहावीतल्या मुलाने गणिताच्या कोऱ्या पानांवर घरच्या किराण्याचा महिन्याचा हिशेब मांडला होता, बेरीज बरोबर. ते पुस्तक मी पुढच्या मुलाला दिलं नाही, कपाटात ठेवलं आहे.

निवृत्त मुख्याध्यापक, अक्कलकोट तालुका

लिपिक ताईंचं 11 आणि 17 वाचून लिहायला बसलो. माझी शाळेतली जन्मतारीख 1 जून. आमच्या पिढीत 1 जूनवाले गावोगाव सापडतील. आईबापांना तारीख सांगता येत नसे, शाळा जूनमध्ये उघडे, गुरुजी 1 जून लिहून टाकत. आई सांगायची, तू गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत झालास. म्हणजे संक्रांतीच्या आसपास. कागदावर मात्र जून, आणि म्हणून 31 मे रोजी निवृत्ती.

सुट्टीत निवृत्त होणाऱ्या मुख्याध्यापकाचा सत्राचा शेवटचा दिवस हाच खरा निरोपाचा असतो. त्या दिवशी सकाळी निकालवाटप, नंतर पदभाराची यादी. किल्ल्या, शिक्के, बँकेची पुस्तकं, विज्ञानाचं साहित्य, मुलांच्या प्रवेशनोंदींची जुनी जनरल रजिस्टरं. सर्वात जुन्या रजिस्टरची पानं इतकी ठिसूळ झाली होती की दोन्ही तळहातांवर घेऊनच उलटावी लागत. नव्या बाईंना मी ते तसं धरून दाखवलं. मग त्यांनीच विचारलं, “सर, तुमचं नाव यात असेल ना?” मी त्याच शाळेचा विद्यार्थी. पान सापडलं. नाव, वडिलांचा धंदा शेती, आणि समोर 1 जून. आईने सांगितलेली गोष्ट मी बाईंना सांगितली. त्यांनी ते पान दुमडू दिलं नाही, मध्ये पातळ कागद घातला आणि यादीवर सही केली.