विषय: पाडव्यासाठी मुलांकडून चॉकलेटचं काय करून घ्यावं?

प्रेषक: मराठी शाळा, शनिवारचा वर्ग
प्रति: मंडळाची यादी

नमस्कार मंडळी,

१९ मार्चला पाडवा आहे आणि ५ एप्रिलला ईस्टर. मुलांच्या शाळांमध्ये चॉकलेटची अंडी आणि ससे सुरू झालेत. आपल्या वर्गातही शनिवारी, १४ तारखेला, मुलांच्या हातांनी पाडव्यासाठी काहीतरी चॉकलेटचं करून घ्यावं असं मनात आहे. वयं ५ ते ११. हॉलमध्ये मायक्रोवेव्ह आणि छोटा फ्रिज आहे, शेगडी नाही. हाताशी दीड तास. गुढीच्या आकाराचा साचा बराच शोधला, मिळाला नाही.

काकू, तुम्ही नागपूरला परत गेल्यापासून घरी चॉकलेटचे वर्ग घेता, म्हणून तुम्हालाच विचारते. आपली काही कुटुंबं सुट्टीसाठी सध्या नागपुरातच आहेत. त्यांच्या मुलांनाही तिकडे करता येईल असं काही सुचवाल का?

— शाळेची ताई

—————

प्रेषक: धरमपेठेतल्या काकू
प्रति: मंडळाची यादी

ताई,

गुढीचा साचा शोधू नकोस. गाठी कर.

इथे होळीच्या आधीपासून इतवारीत दुकानांपुढे गाठ्यांच्या माळा लटकतात, पांढऱ्या, गुलाबी, केशरी. विदर्भात होळीला लहान मुलांना गाठी देतात, पाडव्याला ती गुढीवर चढते. आणि ती कशी करतात ते बघितलं तर ती मुळातच साच्यातली मिठाई आहे. लाकडी साच्यात दोरा आडवा ठेवायचा, वरून साखरेचा कडक पाक ओतायचा, निवला की दोऱ्यासकट पदकं सुटून येतात. पाक उकळता असतो, तिथे पोरांना जवळ फिरकू द्यायचं नाही. चॉकलेट मात्र ४० अंशांच्या आसपास ओतता येतं, हाताला चटका बसत नाही. जे काम एरवी कारागिराचं, ते पाच वर्षांचं पोर स्वतः करू शकतं. मला या प्रकारात हेच सगळ्यात जास्त आवडतं.

साचा नसला तरी अडत नाही. ताटावर किंवा ट्रेवर बटर पेपर पसर. त्यावर हातभर सुती दोरा सरळ ताणून ठेव, दोन्ही टोकं टेपने चिकटव. वितळलेलं चॉकलेट चहाच्या चमच्याने दोऱ्यावर घाल, दोन-दोन बोटं अंतर सोडून. चमचा उभा धरून एकाच जागी ओतलं की थेंब आपोआप गोल पसरतो. बाजूचे पाच छोटे थेंब आणि मधोमध एक मोठं पदक, एवढी एक गाठी मुलांना पुरे. छोट्याला साधारण ८ ग्रॅम लागतं, पदकाला २०, म्हणजे एका गाठीला ६०. ४०० ग्रॅमच्या स्लॅबमध्ये सहा गाठ्या आरामात होतात. दोरा चॉकलेटच्या आत पूर्ण बुडला पाहिजे, नुसता खाली चिकटून राहिला तर उचलताना पदक गळून पडतं. म्हणून टूथपिकने दोरा किंचित वर उचलून सोडायचा, म्हणजे चॉकलेट त्याच्या खाली शिरतं.

सजावट थेंब ओला असतानाच. हे मुलांना आधी सांगून ठेव, नाहीतर ती सगळे थेंब घालून मग सजवायला बसतात आणि तोवर पहिले आळलेले असतात. दोघांची जोडी कर, एकाने ओतायचं, दुसऱ्याने लगेच सजवायचं. रंगीत बडीशेप, पिस्त्याचे काप, चारोळी, सुकलेल्या गुलाबपाकळ्या, मधल्या पदकावर वर्खाचा तुकडा. एका पदकावर एकच गोष्ट घालायला सांग. चार-चार गोष्टी एकत्र भुरभुरल्या की काही उठून दिसत नाही.

वर्गासाठी डार्क कंपाउंड चॉकलेटच घे. त्यात कोको बटरच्या, म्हणजे कोकोच्या बियांतल्या चरबीच्या, जागी दुसरी वनस्पती चरबी असते, त्यामुळे नुसतं वितळवून ओतलं तरी चांगलं आळतं. मायक्रोवेव्ह अर्ध्या ताकदीवर, ३० सेकंद, ढवळ, परत ३० सेकंद. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांब, ते ढवळण्याच्या उबेने विरघळतात. आणि पाणी! वाटी, चमचा, मुलांचे हात, सगळं ठणठणीत कोरडं. एका थेंबाने अख्खी वाटी रवाळ होऊन घट्ट बसते. नेहमीचा खाण्याचा रंगही त्याच कारणाने चालत नाही, चॉकलेटचा तेलातला रंग वेगळा मिळतो तोच घ्यायचा.

आता जे इथे नागपुरात आहेत त्यांच्यासाठी. ऊन तापायला लागलं आहे, मार्चच्या शेवटाला दुपारी पारा ३७-३८ ला जाऊन बसतो. दुपारी करू नका. पहाटे सहाला स्वयंपाकघर सगळ्यात थंड असतं, तेव्हा बसा, उन्हं चढायच्या आत आटोपा. एसी असेल तर दिवसाही जमेल. पण कूलरच्या खोलीत अजिबात नाही. कूलर हवा गार करतो ती पाणी मिसळून, आणि त्या दमट हवेत चॉकलेटवर ओल धरते, वरून चिकट होतं. त्यापेक्षा पंखा बरा.

संत्र्याचं राहिलंच. मृग बहाराची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलून आता पिकलेली, संत्री सध्या बाजारात आहेत. त्यांची साल टाकू नका. बारीक पट्ट्या कापून तीनदा पाणी बदलून उकळायच्या, म्हणजे कडूपणा जातो. मग साखर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत शिजवायच्या आणि जाळीवर पसरायच्या. नागपूरच्या कोरड्या हवेत एका रात्रीत सुकतात. आपल्या संत्र्याची साल पातळ आणि सैल, त्यामुळे जाड सालीच्या विदेशी संत्र्यापेक्षा लवकर शिजते. तिचा एक तुकडा मधल्या पदकावर ठेवून बघा. डार्क चॉकलेट आणि नागपुरी संत्रं, यापुढे मला दुसरी सजावट सुचत नाही.

— काकू

—————

प्रेषक: फूड टेक्नॉलॉजीवाला दादा
प्रति: मंडळाची यादी

काकू, गाठीची कल्पना फार आवडली. मोठ्या मुलांसाठी एक भर घालतो.

दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटाला कंपाउंडऐवजी खरं चॉकलेट द्यावं असं माझं मत आहे. चव तर वेगळी असतेच, पण त्यात शिकण्यासारखंही आहे. कोको बटर सहा प्रकारच्या स्फटिकांत गोठू शकतं. त्यातला पाचवा प्रकार आपल्याला हवा असतो: चकचकीत, मोडताना टक् आवाज करणारा, साधारण ३४ अंशांना वितळणारा. नुसतं वितळवून ठेवून दिलं तर भलतेच स्फटिक तयार होतात आणि पदकावर पांढरट डाग येतात. ती बुरशी नव्हे, खायला चालतं, पण दिसतं वाईट.

उपाय अवघड नाही. डार्क चॉकलेटचे दोन भाग ४५ अंशांपर्यंत वितळवा. बाहेर काढून तिसरा भाग बारीक चिरलेला त्यात घाला आणि ३१-३२ अंशांवर येईपर्यंत ढवळत राहा. मिल्क चॉकलेट असेल तर २९-३० वर आणा. न वितळलेल्या चॉकलेटमध्ये योग्य स्फटिक आधीच असतात, विरजणासारखे ते बाकीच्याला वळण लावतात. सुरीच्या टोकावर थोडं लावून बघा, पाच मिनिटांत चमकदार आळलं तर ओतायला घ्या. स्वयंपाकाचा थर्मामीटर मी घेऊन येतो.

एक मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा. वितळणबिंदू ३४ आणि अंगाची ऊब ३७. तोंडात ठेवताच चॉकलेट विरघळतं ते याच फरकामुळे, आणि म्हणूनच ही गाठी साखरेच्या गाठीसारखी गळ्यात घालून मिरवता येणार नाही. कपडे बरबटतील. शिवाय लहान मुलांच्या गळ्यात दोरा नकोच. सेलोफेनच्या पिशवीत घालून हातात द्या.

—————

प्रेषक: सध्या माहेरी, सक्करदरा
प्रति: मंडळाची यादी

काकू, मी मुलांना घेऊन नागपुरातच आहे. दोघंही भाच्यांबरोबर करायला उतावीळ झाली आहेत. दोन शंका. सामान कुठे मिळेल? आणि मुलगी विचारते आहे, तिने केलेली गाठी आजीच्या गुढीला बांधता येईल का?

—————

प्रेषक: धरमपेठेतल्या काकू
प्रति: मंडळाची यादी

बाई, बेकरीचं सामान ठेवणारी दुकानं इतवारीतही आहेत आणि सीताबर्डीलाही. कंपाउंडची स्लॅब, तेलातले रंग, सिलिकॉनचे साचे सगळं मिळतं. स्लॅब घेताना पाकिटावरचे घटक वाच. पहिल्या काही घटकांत वनस्पती चरबी दिसली तर कंपाउंड, कोको बटर दिसलं तर खरं चॉकलेट. दुकानदार दोन्हीला चॉकलेटच म्हणतो. घरी नेताना दुपारचं गाडीच्या डिकीत ठेवू नको.

गुढीला मात्र साखरेचीच गाठी. गुढी सकाळी उभारली की सूर्यास्तापर्यंत उन्हात असते, वर तांब्याचा गडू, तोही तापतो. साखर त्या उन्हात हलत नाही, चॉकलेट तासाभरात गळेल आणि साडीवर ओघळेल. लेकीला समजावून सांग की तिची गाठी गुढीपुढच्या नैवेद्याच्या ताटात ठेवू, घरात, सावलीत. आणि गुढीची गाठी आणायला तिला इतवारीत घेऊन जा. दोरा, मधलं पदक, दोन पदकांमधलं अंतर, तिला नीट बघू दे. मग तिच्या हातची गाठी जास्त चांगली होईल.

—————

प्रेषक: मराठी शाळा, शनिवारचा वर्ग
प्रति: मंडळाची यादी

काकू, दादा, मनापासून आभार. ठरलं, शनिवारी गाठीच. लहान गटाला कंपाउंड, मोठ्यांना दादाबरोबर खरं चॉकलेट. नागपूरकर मुलांनी त्यांच्या गाठ्यांचे फोटो पाठवले तर वर्गात पडद्यावर दाखवीन.

आता फक्त सुकामेव्याचा प्रश्न. वर्गात एका मुलाला काजूची अ‍ॅलर्जी आहे. पिस्ते मी वगळतेच आहे. चारोळी चालेल ना? आणि दोरा नेमका कोणता आणू?

—————

प्रेषक: फूड टेक्नॉलॉजीवाला दादा
प्रति: मंडळाची यादी

ताई, चारोळी नको. ती काजू-पिस्त्याच्याच कुळातली आहे, धोका पत्करू नका. भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बियाही त्या मुलाच्या पालकांना विचारूनच आणा. रंगीत बडीशेप, गुलाबपाकळ्या आणि साखरेतली साल एवढ्यावर सुरेख सजावट होईल. चॉकलेटच्या पाकिटावरही सुकामेव्याचा अंश असू शकतो अशी सूचना असते, ती वाचूनच घ्या. वर्गापुरतं प्रत्येक गटात सगळ्यांसाठी एकच पाकीट वापरू, त्या मुलाला वेगळं नको.

—————

प्रेषक: धरमपेठेतल्या काकू
प्रति: मंडळाची यादी

दोरा सुती, जाडसर, बिनरंगाचा, मेण न लावलेला. तुमच्याकडे स्वयंपाकाचा दोरा म्हणून गुंडी मिळते ती चालेल. नायलॉनचा नको, त्यावर चॉकलेट धरत नाही, पदकं घसरतात. हातभर तुकडे आदल्या रात्रीच कापून ठेव आणि एका टोकाला गाठ मारून ठेव. आळायला तिकडच्या गार हॉलमध्ये पंधरा-वीस मिनिटं पुरतील, फ्रिजची गरज पडणार नाही. उचलताना दोरा ओढायचा नाही, बटर पेपर खालून सोलायचा.