मदत हवी आहे: इंग्रजीत होकार देताना 'सर्टनली' कुठे आणि 'आय ॲग्री' कुठे?

कामाच्या ईमेलमध्ये होकार लिहिताना दर वेळी अडतं. 'येस' कोरडं वाटतं, 'ओके' उद्धट वाटेल की काय अशी धास्ती, म्हणून सगळीकडे 'आय ॲग्री' ठोकलं जातं. तीन प्रसंगांत नेमकं काय लिहावं? वरिष्ठांनी काम सांगितलं, ग्राहकाने तारीख सुचवली, सहकाऱ्याचं मत पटलं. शिवाय 'आय ॲम ॲग्री' का चुकतं?

प्रतिसाद १

औपचारिक की अनौपचारिक हे नंतर. आधी होकार कशाला देताय ते बघा. मराठीत हे आपोआप होतं: काम सांगितलं की 'करतो', वेळ सुचवली की 'चालेल', मत पटलं की 'खरंय'. 'उद्या चालेल का?' याला कुणी 'सहमत आहे' म्हणत नाही. 'आय ॲग्री' फक्त तिसऱ्या जागेचं आहे.

काम: 'सर्टनली, आय विल सेंड इट बाय फ्रायडे'. सहकाऱ्याला नुसतं 'विल डू' पुरे. एकटं 'नोटेड' टाळा. त्यात वाचल्याची पोच आहे, करण्याचा शब्द नाही.

तारीख: ग्राहकाला 'दॅट डेट वर्क्स फॉर अस', ओळखीत 'साउंड्स गुड'.

मत: 'आय ॲग्री विथ यू' कुठेही चालतं. बोलताना 'ॲब्सोल्युटली', मित्रांत 'टोटली'. जोर द्यायचा तर 'आय कुडंट ॲग्री मोअर'. त्यातला नकार गळला तर वाक्याचा अर्थच हरवतो, म्हणून घाईत लिहू नका. वरिष्ठांचं मत पटल्यावर 'करेक्ट' म्हणू नका, उत्तरपत्रिका तपासल्यासारखं वाटतं.

'ॲग्री' हे क्रियापद आहे. 'मी सहमत आहे' मधला 'आहे' सोबत ओढला की 'आय ॲम ॲग्री' तयार होतं. माणसाशी किंवा मताशी 'विथ', प्रस्तावाला 'टू', दोघांनी मिळून ठरवलेल्या गोष्टीवर 'ऑन'. दर मान्य केला की 'वुई ॲग्री टू द रेट', वाटाघाटीतून ठरला की 'वुई ॲग्रीड ऑन द रेट'.

प्रतिसाद २

वरच्यात भर. होकारासारखे दिसणारे दोन फसवे प्रयोग: 'आय सी युअर पॉइंट' म्हणजे मुद्दा समजला, पटला असं नाही, पुढे बहुधा 'बट' येतो. 'फेअर इनफ' म्हणजे तुमचं कारण मान्य, पण मनापासून पटलंच असं नाही. करारावर होकार देताना दोन्ही नकोत.

सर्वांत जास्त घोळ नकारार्थी प्रश्नात होतो. 'हॅवंट यू रिसीव्ड द फाइल?' फाइल मिळाली नसेल तर मराठीत 'हो, नाही मिळाली' म्हणतो. इंग्रजीत 'नो, आय हॅवंट'. नुसतं 'येस' लिहिलंत तर समोरचा फाइल पोचली असं धरेल आणि पुन्हा पाठवणार नाही. 'डू यू माइंड' विचारल्यावर परवानगी द्यायची तर 'नॉट ॲट ऑल'.

धागाकर्ता

धन्यवाद, चुका कुठे होत होत्या ते कळलं. 'ऑफ कोर्स' वरिष्ठांना चालेल का?

प्रतिसाद १

विनंतीला चालेल: 'कुड यू चेक धिस?' 'ऑफ कोर्स'. माहिती विचारली असेल तर नको. 'इज द ऑफिस ओपन टुडे?' याला 'ऑफ कोर्स' म्हटलं की 'एवढंही माहीत नाही?' असा सूर लागतो. तिथे 'येस, इट इज' लिहा.