युद्धात 'आपोआप' पडलेलं विमान मोजायचं की नाही?

लेथवाला_उद्यमनगर (धागा सुरू)

परवापासून आमच्या तालमीच्या ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. लिहिणारा कोण माहीत नाही, पुढं ढकलणारे मात्र सगळे ओळखीचे. म्हणणं असं : 'युद्धात शत्रूनं विमान पाडलं तर तो पराक्रम. आपोआप पडलं तर नामुष्की. तिचा बोभाटा कधीच करू नये आणि त्यात गेलेल्याला शहीद म्हणू नये.' दोन दिवस गप्प बसलो. आज सकाळी माझ्याच मेव्हण्यानं त्याखाली हात जोडले, मग राहवेना.

'आपोआप' म्हणणाऱ्यानं आयुष्यात कधी मशीनला हात लावलेला दिसत नाही.

२७ मे १९९९, कारगिल. आपल्या वायुदलाच्या नचिकेतांनी मिग-२७ मधून रॉकेटं डागली आणि विरळ हवेत इंजिनच बंद पडलं. उडी मारली, पाकिस्तानच्या हाती सापडले, आठवड्याभरानं सुटले. त्यांना शोधायला घिरट्या घालणाऱ्या अजय आहुजांचं मिग-२१ क्षेपणास्त्रानं पाडलं, ते गेले. एकाच दिवशी, एकाच डोंगररांगेत एकाची नामुष्की आणि दुसऱ्याचा पराक्रम? कुठल्या तराजूत तोलणार?

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश बॉम्बर कमांडची, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाची, ५५,५७३ माणसं गेली. त्यातली आठ हजारांवर अपघातात : ट्रेनिंगमध्ये, धुक्यात, टेकडीला धडकून. अमेरिकेच्या हवाई दलाची पंधरा हजारांच्या आसपास माणसं स्वतःच्याच देशात अपघातांत मेली. ती युद्धात मेली नाहीत म्हणायची?

आणि ते बी-१७, अमेरिकेचं बॉम्बफेकी विमान. धावपट्टीवर उतरल्यावर पायलट फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) वर घ्यायला जायचे आणि चाकंच वर घ्यायचे. विमान पोटावर. शेरा ठरलेला : पायलटची चूक. १९४३ मध्ये शापानिस नावाच्या मानसशास्त्रज्ञानं कॉकपिटमध्ये बसून बघितलं, तर दोन्ही कंट्रोल शेजारी आणि दिसायला जुळे भाऊ. चाकांच्या कंट्रोलला छोटं रबरी चाक लावलं, फ्लॅपच्या कंट्रोलला पाचरीसारखा तुकडा. अंधारात हातालाच कळायला लागलं. प्रकार थांबला. 'नामुष्की' म्हणून झाकून ठेवलं असतं तर?

माझ्या शेडमध्ये पॉवर प्रेस आहे. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाही. गेल्या दिवाळीत ऑर्डरची घाई होती. एक बटण कुणीतरी तारेनं बांधून ठेवलं. मी बघितलं आणि काही बोललो नाही. पोराच्या बोटाचं पेर गेलं. सगळे म्हणाले, त्याचं लक्ष नव्हतं. मीपण म्हणालो.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

लेथवाले, युद्ध म्हणजे तुमची शेड नव्हे. कुठलं विमान कशानं बंद पडतं हे चालू लढाईत जगाला सांगायचं? समोरचा ऐकत नाही का? माझे वडील ६५ ला सीमेवर होते. घरी पत्रात हवामानसुद्धा लिहायचे नाहीत.

मिसळ_कमी_तिखट

विमानाचा विषय निघालाय म्हणून सांगतो, आपल्या कोल्हापूरच्या उजळाईवाडीवरून माझं विमान दोनदा रद्द झालं. राजाराम महाराजांनी १९३९ साली विमानतळ करून दिला आणि आपण अजून धुकं बघत बसलोय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

@मिसळ भावा, इथं माणसं मेलेल्यांचं बोलायलेत.

माजी_सार्जंट

पोस्ट लिहिणारा गाढव आहे, पण लेथवाले, तुम्हीही अर्धंच सांगताय. मी वायुदलात तंत्रज्ञ होतो. ठाण्याचं नाव विचारू नका.

आमच्याकडं हत्यारांचा बोर्ड असतो. प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली, काम संपलं की पाना आपापल्या आकृतीवर. एक आकृती रिकामी दिसली तर विमान हलत नाही, कारण पाना आत कुठं राहिला असेल सांगता येत नाही. एका रात्री, ब्लॅकआउटमध्ये, १४ नंबरची आकृती रिकामी. पायलट तयार, वरून फोनवर फोन. दोन तास पॅनेल उघडून शोधलं. सापडला माझ्याच जर्सीच्या खिशात. छत्तीस तास झोप नव्हती. शिक्षा झाली. पण विमान थांबवा असं ओरडलो होतो मीच, म्हणून ती हलकी झाली.

सांगायचं काय, तर चूक बोलणाऱ्याला जागा पाहिजे. पण ती जागा चौकशीच्या खोलीत. टीव्हीवर नव्हे. उद्या नाव छापून येणार म्हटलं की खोलीतही कुणी तोंड उघडणार नाही.

लेथवाला_उद्यमनगर

सार्जंटसाहेब, खोलीचं मान्य. पण खोलीला खिडकी नको का? २७ फेब्रुवारी २०१९, काश्मीरमधलं बडगाम. आपलंच क्षेपणास्त्र, आपलंच एमआय-१७ हेलिकॉप्टर. वायुदलाचे सहा आणि गावातला एक, सात जीव. आधी नुसतं 'हेलिकॉप्टर कोसळलं'. ऑक्टोबरमध्ये वायुदलप्रमुख भदौरिया स्वतः म्हणाले, मोठी चूक झाली. कबूल केल्यावर कुठला शत्रू पेढे वाटत आला?

राजारामपुरी_सातवी_गल्ली

ऑक्टोबरमध्ये म्हणाले ना? फेब्रुवारीत नाही! मी तेच म्हणतोय. स्वतःच्याच उदाहरणानं पडलात, आपोआप.

वळिवडेकर

मला वेगळंच खटकतंय. 'अपघात' म्हणून जे जाहीर होतं ते सगळं खरं कसं धरता? ४ जुलै १९४३, जिब्राल्टर. पोलंडचे पंतप्रधान सिकोर्स्की यांचं लिबरेटर विमान उडालं आणि काही सेकंदांत समुद्रात. वाचला फक्त पायलट, तोही लाइफ जॅकेट घातलेला. उडताना घालायची सवय नाही असं तोच म्हणायचा! त्याआधी एप्रिलमध्ये कातिनचं हत्याकांड (सोव्हिएतांनी हजारो पोलिश अधिकारी मारले होते) उघड झालेलं, स्टालिननं पोलिश सरकारशी संबंध तोडलेले. हा योगायोग? आमच्या वळिवड्यात युद्धकाळात कॅम्पात पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. आजी तिथं अंडी विकायची. ती सांगायची, बातमी आली त्या दिवशी बायका रस्त्यात बसून रडत होत्या.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

हे धागा कुठं नेताय तुम्ही?

पन्हाळ्याचं_धुकं

@वळिवडेकर, आजीचा मान राखून, पण कॅम्प त्याच सुमारास नुकता भरत होता. त्या आठवड्यात अंडी घ्यायला कोण होतं? आणि ब्रिटिश चौकशीत निघालं ते एवढंच, की कंट्रोल अडकले. कसे अडकले ते ठरवता आलं नाही. २००८ मध्ये क्राकोला शवपेटी उघडून तपासलं. गोळी नाही, विष नाही, जखमा विमान आपटल्याच्या.

वळिवडेकर

माझी आजी खोटं बोलायची असं म्हणायचंय का तुम्हाला? महावीर उद्यानातल्या पोलिशांच्या स्मारकाला सगळे फुलं वाहतात, पण वळिवड्याच्या माणसानं काही सांगितलं की लगेच पुरावे. जखमा आपटल्याच्या निघाल्या, बरं. पण कंट्रोल कुणी अडकवले हे हाडं सांगतात का?

पन्हाळ्याचं_धुकं

नाही सांगत. तेवढं मान्य.

मिसळ_कमी_तिखट

त्या कॅम्पाचंच पुढं गांधीनगर झालं ना? तिथं आता विमानतळापेक्षा जास्त गर्दी असते.

माजी_सार्जंट

वळिवडेकर, तुमच्याच मुद्द्यात लेथवाल्याचा मुद्दा आहे. कारण नीट सांगितलं नाही की ऐंशी वर्षं लोक आपापलं कारण शोधत बसतात.

वळिवडेकर

म्हणजे मी बरोबर होतो तर. थँक्यू.

गडहिंग्लजची_लेक

सगळ्या काकांना आणि दादांना नमस्कार. तुमची शब्दावर कुस्ती चाललीय, शहीद की नाही. आमच्या तालुक्यात घराघरात फौजी आहेत, तिथं या शब्दाला पैसे जोडलेले असतात. आतेबहिणीचे मिस्टर ड्युटीवर असताना गाडी दरीत गेली. फाइलवर पहिला प्रश्न : बॅटल कॅज्युअल्टी (लढाईतला मृत्यू) की फिजिकल कॅज्युअल्टी (इतर कारणानं)? पहिल्यात लिबरलाइज्ड, म्हणजे वाढीव, फॅमिली पेन्शन, दुसऱ्यात त्याहून कमी. ताई तीन वर्षं एका कार्यालयात हेलपाटे घालत होती. तिथला एक माणूस तिला म्हणाला, 'गोळी लागली असती तर सोपं झालं असतं.' ती परतीच्या एसटीत माझ्या शेजारी बसून पिशवीचा बंद पिळत होती, गावापर्यंत.

ती पोस्ट आमच्याही ग्रुपवर आली होती. ताई त्या ग्रुपवर आहे.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

ताई, शहीद म्हणू नये हे मी कधीच म्हणालो नव्हतो. ते वाक्य त्या पोस्टचं. ते चुकीचं आहे.

लेथवाला_उद्यमनगर

पण पोस्ट तुम्हीही पुढं पाठवली होती. मी बघितलंय.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

पाठवली. सकाळी चहा पिता पिता. सगळी वाचली नव्हती. झालं? आणि तुमचं तेवढं घ्या : लढाई थांबली की कारण सांगावं, त्यासाठी सात-आठ महिने नकोत. पण लढाई चालू असताना एक शब्द नाही, यावर मी ठाम.

माजी_सार्जंट

मला चालेल. नावं सोडून.

राजारामपुरी_सातवी_गल्ली

आता तुम्ही सांगा लेथवाले, बोभाट्याचे एवढे भोक्ते आहात तर. प्रेसची तार सोडली का?

लेथवाला_उद्यमनगर

त्याच दिवशी सोडली. कारागीर अधूनमधून परत बांधतोय.