नाशिकच्या अनुदानित कॉलेजात शिकताना: तुमचे अनुभव लिहा

गोदाकाठची

बारावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय, कुठल्या कॉलेजला टाकायचं. दिंडोरीला माझ्या मामांकडे सध्या तेच चाललंय. द्राक्षबाग आहे, पण अवकाळीने झोडपल्यावर हातात काय राहतं ते शेतकऱ्यालाच माहीत, म्हणून मामा म्हणतात मामेबहिणीला नाशिकला ग्रँटेबल म्हणजे अनुदानित कॉलेजात बीएस्सीला घालू, फी कमी आहे. फी कमी आहे हे सगळेच सांगतात हो, पण त्या फीत नक्की काय मिळतं आणि फी सोडून काय काय मोजावं लागतं ते कोणी बसून सांगत नाही. म्हणून हा धागा. एचपीटी-आरवायके, केटीएचएम, बीवायके, पंचवटी, सिडको, नाशिकरोड, कुठेही शिकला असाल तर लिहा. तक्रार असेल तर कॉलेजचं नाव नको, अनुभव पुरे.

मी सुरुवात करते. सगळ्यात आधी हे कळायला हवं की एकाच गेटच्या आत दोन प्रकारच्या तुकड्या असतात. बीए, बीकॉम, बीएस्सीच्या जुन्या तुकड्या बहुतेक अनुदानित, तिथल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं म्हणून फी परवडते. त्याच बिल्डिंगमधे बीबीए, बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित, तिथे फी कितीतरी पट. पालक 'अमुक कॉलेज स्वस्त आहे' ऐकून येतात आणि काउंटरवर आकडा ऐकून गप्प होतात, हे मी अॅडमिशनच्या रांगेत डोळ्यांनी बघितलंय. त्यामुळे फॉर्म भरतानाच विचारा की ही तुकडी अनुदानित आहे का. आणि पहिल्या यादीत नाव आलं तर लगेच पक्कं करा, थांबू नका.

मी इकॉनॉमिक्स घेऊन बीए केलं. मला सगळ्यात जास्त काय मिळालं तर अभ्यासिका. घरी दोन खोल्यांत सहा माणसं आणि टीव्ही, तिथे अभ्यास होणं शक्यच नव्हतं. कॉलेजच्या अभ्यासिकेत टेबल, पंखा, पाणी आणि शांतता. बाजूला एमपीएससीवाले सिनियर बसायचे, ते न विचारता पेपर कसा लिहायचा ते सांगायचे. याची किंमत कुठल्याही पावतीवर नसते.

सुरगाण्याची मुलगी

माझा अनुभव मोठा आहे, सांभाळून घ्या. दहावीपर्यंत आश्रमशाळा, घरी आम्ही कोकणा बोलतो. अकरावी-बारावीला सायन्सची पुस्तकं इंग्रजीत होती पण सर सगळं मराठीतच समजवायचे, त्यामुळे नाशिकला पहिल्याच लेक्चरला मॅडम सलग इंग्रजीत बोलायला लागल्या तेव्हा मी फक्त फळ्यावरचं उतरवत राहिले. मधल्या सुट्टीत रडूही आलं. पण प्रॅक्टिकलने मला तारलं, हे मी कोणालाही सांगते.

आमच्या ज्युनियर कॉलेजात ब्यूरेट, म्हणजे खाली तोटी असलेली मापाची काचेची नळी, कपाटात असायची, सर लांबून दाखवायचे. इथे प्रत्येकाला स्वतःची. खालच्या फ्लास्कमधे फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब टाकायचे, एका हाताने फ्लास्क गोल हलवत राहायचं, दुसरा हात वर ब्यूरेटच्या तोटीवर, आणि थेंब थेंब सोडत अगदी फिका गुलाबी रंग आला आणि टिकला की थांबायचं. एक थेंब जास्त गेला की भडक गुलाबी, मग ओता आणि परत पहिल्यापासून. तिथे इंग्रजी लागत नव्हतं, हात स्थिर लागत होता, आणि माझा हात स्थिर होता. माझं रीडिंग बघून मॅडमनी बाकीच्यांना बोलावून दाखवलं. त्या दिवसापासून मी मागच्या बाकावरून पुढे आले. त्याच मॅडम मग प्रॅक्टिकल संपल्यावर थांबून थिअरी मराठीत सांगायच्या, आणि आम्ही दोघी-तिघीच नाही, अर्धा वर्ग थांबायला लागला.

आता खर्चाचं. आदिवासी मुलींच्या वसतिगृहाची यादी लागेपर्यंत कुठेतरी राहावं लागतंच, तर आम्ही चौघींनी मखमलाबाद रोडला खोली घेतली होती. डिपॉझिट, गॅस, गादी हे सगळं पहिल्याच महिन्यात येतं आणि ते कॉलेजच्या फीपेक्षा जास्त होतं!! घरून नागलीचं पीठ, तांदूळ, उडीद एसटीने यायचं, पेठवरून सावळघाटातून येणाऱ्या गाडीची वाट बघत आम्ही स्टँडवर उभ्या राहायचो. वसतिगृहात नंबर लागला नाही तर स्वयम् योजना आहे, तिच्यातून राहण्या-जेवण्याचे पैसे थेट खात्यात येतात, पण ते नंतर येतात. आधीची सोय घरच्यांनी करून ठेवलेली बरी. @गोदाकाठची, तुमची मामेबहीण दिंडोरीची आहे तर तिला रोज येणं-जाणं जमेल, पण साडेसातचं प्रॅक्टिकल असेल तर घरून किती वाजता निघायचं हे आधी एकदा बसमधे बसून बघा.

सेकंड शिफ्टवाला

वरचं वाचून लिहावंसं वाटलं. मी बीकॉम केलं, सकाळचं कॉलेज. नाशिकमधे कॉमर्सची कॉलेजं सकाळी भरतात याचा उपयोग किती मुलांना होतो हे बाहेरच्यांना कळत नाही, सकाळी सात-सव्वासातला वर्गात, अकरा-साडेअकराला सुटलो की रूमवर खिचडी टाकायची आणि दुपारी सातपूर एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, रात्री झोपायला एक वाजायचा आणि सकाळी परत तेच. वडील वारले होते, धाकटा भाऊ शाळेत होता, दुसरा रस्ता नव्हता. आमच्या वर्गात असे बरेच होते, कोणी पेट्रोल पंपावर, कोणी मेडिकलवर, कोणी पहाटे पेपर टाकून यायचा.

७५ टक्के हजेरीचा नियम सगळीकडे आहे. अकाउंटच्या सरांनी मला केबिनमधे बोलावलं, मला वाटलं आता नाव काढणार. त्यांनी शिफ्टचं टाइमटेबल मागितलं आणि माझ्या वहीवर लिहून दिलं की कुठले तास काही झालं तरी चुकवायचे नाहीत. आज मी टॅक्स कन्सल्टंटकडे काम करतो ते त्या तासांमुळे.

काय गमावलं तेही सांगतो. गॅदरिंग, ट्रिप, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकांच्या तालमी, यातलं काही मला मिळालं नाही. मित्र ग्रुपवर फोटो टाकायचे ते मी लंच ब्रेकमधे बघायचो. कमी फीच्या कॉलेजात सगळ्यांना सारखं कॉलेज मिळतं असं नाही, ज्याच्याकडे दुपार मोकळी असते त्याला पूर्ण कॉलेज मिळतं. म्हणून ज्यांची परिस्थिती बरी आहे त्यांनी तरी दुपारी कॉलेजात थांबा, ही विनंती.

निफाड पॅसेंजर

@सेकंड शिफ्टवाला, दादा मला पण दुपार कधी मिळाली नाही. निफाडहून पंचवटी एक्स्प्रेसने नाशिकरोड, तिथून बसने कॉलेजरोड. रेल्वेचा पास स्वस्त पडतो, पण नाशिकरोड स्टेशन गावाबाहेर असल्यामुळे पुढचा बसचा प्रवासच जास्त खातो. तरी गाडीत पासवाल्यांचा ग्रुप असतो, बँकेतल्या एका काकूंनी मला गाडीतच स्टॅटिस्टिक्स शिकवलं, उभ्या उभ्या.

दोन मुलींची आई

मी सिडकोत पोळी-भाजी केंद्रात काम करते, स्वतः नववी शिकले. मोठीचं अॅडमिशन घ्यायला मीच गेले होते, मिस्टर कामावर. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, टीसी, मार्कशीट, आधार, सगळ्याच्या झेरॉक्स काढून नेल्या तरी एक कागद कमी निघाला आणि काउंटर बंद व्हायची वेळ झालेली. तिथले शिपाई मामा म्हणाले, ताई तुम्ही बसा, मी मॅडमना थांबवतो, मुलीला सेतूत, दाखले मिळतात त्या केंद्रात, पाठवा. मॅडम खरंच थांबल्या. मुलगी आता एमएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या खानदानात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिली, हे लिहिताना मला फार बरं वाटतंय.

तासिका

मी ज्या विषयात शिकले तोच विषय आता शिकवते, पण तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबी. जितके तास घेतले तितकेच पैसे, सुट्टीत काही नाही, आणि मानधन महिनोन्महिने रखडतं. आधीच्या एका कॉलेजात वर्षाचे शेवटचे पैसे पुढचं वर्ष सुरू झाल्यावर हातात आले. हे इथे लिहायचं कारण म्हणजे कॉलेज स्वस्त ठेवण्याचा भार कोणीतरी उचलत असतं. कायम प्राध्यापक निवृत्त होतात, जागा भरल्या जात नाहीत, मग आमच्यासारखे येतात आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा, पीएचडी असूनही दुसरी नोकरी शोधत राहतात. मुलांना वाटतं मॅडम मधेच सोडून गेल्या. कोणाला आवडतं का सोडून जायला? वरच्या ताईंनी सांगितलं तसं प्रॅक्टिकलनंतर थांबून शिकवणारे लोक टिकवायचे असतील तर या जागा भरल्याच पाहिजेत, मला याबद्दल फार तळमळीने वाटतं.

फ्रीशिप

कागदांचा विषय निघालाय तर पटकन सांगतो. महाडीबीटीचा, म्हणजे सरकारच्या स्कॉलरशिपच्या पोर्टलवरचा, फॉर्म भरण्याआधी बँक खात्याला आधार जोडलंय का ते बघा, कारण पैसे आधार जोडलेल्या खात्यातच जातात, मोबाइल नंबरही तोच ठेवा. दरवर्षी रिन्यूअल करावं लागतं, आपोआप होत नाही. एससीसाठी अडीच लाखाच्या आत उत्पन्न असेल तर स्कॉलरशिप, त्याहून जास्त असेल तर फ्रीशिप म्हणजे फीमाफी. माझ्याकडून एका कॉलेजने 'आधी पूर्ण भरा, नंतर परत देऊ' म्हणून सगळी फी घेतली होती, घरी आईचे कानातले ठेवले तेव्हा भरली. पैसे परत मिळाले पण ते मिळेपर्यंतचं व्याज आम्हीच भरलं. असं कोणी म्हणालं तर शासनाचा जीआर दाखवा, समाजकल्याणच्या ऑफिसात जाऊन विचारा, गप्प बसू नका.

शिबीरवाली

एनएसएसबद्दल कोणीच लिहिलं नाही. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचं हिवाळी शिबिर. गावात रिकाम्या सिमेंटच्या गोण्यांत माती भरून आम्ही ओढ्यावर वनराई बंधारा घातला, संध्याकाळी मागे पाणी साठलेलं बघायला अख्खं गाव आलं. अनंत चतुर्दशीला गोदाघाटावर निर्माल्य आणि मूर्ती गोळा करायला पण आमचीच पोरं असतात. शहरातल्या मुली आणि पेठ-सुरगाण्याच्या मुली एका ताटात जेवलेल्या मी तिथेच बघितल्या, वर्गात वेगवेगळ्या बाकावर बसायच्या.

गोदाकाठची

सगळ्यांचे आभार, मामांना हे सगळं वाचून दाखवते. @सुरगाण्याची मुलगी, बहिणीला केमिस्ट्रीच हवी आहे. पहिल्या वर्षाला पुस्तकं विकत घ्यावी लागतात का?

सुरगाण्याची मुलगी

नको, सगळी घेऊ नका. लायब्ररीत बुक बँक असेल तर अॅडमिशनच्या आठवड्यातच नाव द्या, सेट संपतात. सार्वजनिक वाचनालयाचंही सभासद करा, १८४० पासूनचं आहे, तिथे बसून वाचायलाही छान. लॅबचा अॅप्रन तेवढा सुती घ्या, आणि जर्नल, म्हणजे प्रॅक्टिकलची वही, रोजचं रोज पूर्ण करायला सांगा.