मदत हवी आहे: टोकियोत उद्या सकाळी कुठे धावू?

वृषाली_धावते
ऑफिसच्या कामासाठी टोकियोत आले आहे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन आहे, उद्याचा १८ किमीचा लाँग रन चुकवायचा नाही. इथे जरा वेग घेतला की सिग्नल, पाट्याही वाचता येत नाहीत. सरळ रूट सांगा. लवकर, मला झोपायचं आहे.

सातारी_गडी
हॉटेल कुठे आहे? टोकियो म्हणजे केवढं! कितीला निघणार?

अरुणकाका
परक्या गावात अंधारात एकटीने कशाला? हॉटेलात ट्रेडमिल असेल. मी परदेशात नेहमी तेच करतो.

वृषाली_धावते
काका, ट्रेडमिलवर १८ किमी नाही हो होत माझ्याने. हॉटेल निहोनबाशीत. पाचला निघेन.

मेघना_योकोहामा
मग प्रश्नच नाही, इम्पीरियल पॅलेसची फेरी. बरोब्बर ५ किमी, एकही सिग्नल नाही. हॉटेलपासून ओतेमोनला, म्हणजे पॅलेसच्या एका दाराला, जा आणि खंदक कायम डाव्या हाताला ठेवा, चुकायची सोयच नाही. सगळे घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, तुम्हीही तसंच धावा. तीन फेऱ्या नि जाणं-येणं धरून तुमचे १८ होतील. ताकेबाशीनंतर चिदोरिगाफुचीपर्यंत चढ आहे, तिथे पहिल्या फेरीत जोर लावू नका. हान्झोमोनपासून उतार.

सातारी_गडी
एकाच जागी तीन फेऱ्या म्हणजे कंटाळा. सुमिदा नदीचा काठ धरा, निहोनबाशीहून लांब नाही. सरळ असाकुसापर्यंत जाता येतं.

मेघना_योकोहामा
काठ छान आहे, पण सलग नाही. मधे जिने येतात, काही ठिकाणी वर रस्त्यावर यावं लागतं. पाट्या वाचता न येणाऱ्याला लाँग रनसाठी मी तो सांगणार नाही.

बोस्टनवाला
बोस्टनला आलात तर चार्ल्स नदीकाठी धावा, दोन्ही बाजूंनी पायवाट आहे. बर्लिनमध्ये टियरगार्टन.

वृषाली_धावते
मी टोकियोत आहे हो! पाचला तिथे वर्दळ असते का? आणि मधेच पाय दुखला तर परत कशी येऊ?

मेघना_योकोहामा
या दिवसांत साडेसहाच्या सुमारास उजाडतं, त्यामुळे पाचऐवजी सहाला निघा. पहाटेही धावणारे असतात. सुइका कार्ड (मेट्रोचं प्रीपेड कार्ड) खिशात ठेवा. हान्झोमोनला मेट्रो स्टेशन आहे, तीच लाइन मित्सुकोशीमाएला आणते, ते निहोनबाशीतच. आणि पासपोर्ट बरोबर हवाच. पर्यटकाने तो सतत जवळ बाळगायचा असा इथला कायदा आहे.

अरुणकाका
पासपोर्ट घेऊन धावायचं? पडला तर? फोटोकॉपी ठेवा, मूळ प्रत तिजोरीत.

मेघना_योकोहामा
काका, फोटोकॉपी चालत नाही. पोलिसांनी विचारलं तर मूळच दाखवावा लागतो.

कोथरूडची_सायली
जपानमध्ये शाकाहारी नाश्ता मिळतो का? पुढच्या महिन्यात सासूबाई येणार आहेत.

सातारी_गडी
सायलीताई, वेगळा धागा काढा ना. वृषालीताई, फूटपाथवर सायकली येतात, कानात दोन्ही इअरफोन घालू नका.

वृषाली_धावते
ठरलं, पॅलेस. सहाला निघते. कमरेच्या पट्ट्यात पासपोर्ट घामाने भिजेल, तर झिपलॉक पिशवी कुठे मिळेल? आत्ता, रात्री?

मेघना_योकोहामा
हॉटेलखाली कोणतंही कोम्बिनी, म्हणजे किरकोळ वस्तूंचं छोटं दुकान, बहुतेक रात्रभर उघडं असतं.