सुपरमार्केटमध्ये आपण निवडतो, की आपल्याकडून निवडून घेतलं जातं?

मृणाल, दादर

महागाईत महिन्याचं वाणसामान कसं बसवायचं, यावर मागे इथे चर्चा झाली. "यादी करा, सुपरमार्केट गाठा, यादीबाहेर जाऊ नका" हा सल्ला त्यात पुन्हा पुन्हा आला. मला तो अपुरा वाटतो. यादी घरी बसून केलेली असते, आणि दुकानाची मांडणी ती मोडावी म्हणूनच केलेली असते.

१९१६ मध्ये अमेरिकेत मेम्फिसला क्लॅरन्स सॉन्डर्स यांनी 'पिगली विगली' हे दुकान काढलं. तोवर तिकडेही गिऱ्हाईक काउंटरवर यादी द्यायचं आणि नोकर माल काढून द्यायचा, म्हणजे आपल्या वाण्याकडे चालतं तसंच. सॉन्डर्सनी गिऱ्हाईकाला आत सोडलं, पण वाट एकच ठेवली. एका दाराने आत यायचं, सगळ्या रॅकांसमोरून फिरायचं आणि गल्ल्यापाशी बाहेर पडायचं. या रचनेचं त्यांनी १९१७ मध्ये पेटंटही घेतलं. पुढे १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीत सिल्वन गोल्डमन यांनी ट्रॉली आणली, कारण हातातली टोपली जड झाली की लोक खरेदी थांबवायचे. लोक ट्रॉलीला हात लावेनात, तेव्हा त्यांनी माणसं भाड्याने आणून दुकानात ट्रॉल्या ढकलत फिरवली! १९८२ मध्ये रोनाल्ड मिलिमन या संशोधकाने दाखवलं की दुकानात जलद संगीताऐवजी संथ संगीत लावलं तर लोक रेंगाळतात. त्यांच्या प्रयोगात विक्री ३८ टक्क्यांनी वाढली होती.

म्हणजे ही शंभर वर्षं घासूनपुसून तयार झालेली विद्या आहे. तिच्यासमोर नोकरीवरून थकून आलेल्या माणसाला "मनावर ताबा ठेवा" सांगणं मला अन्यायाचं वाटतं. दुकानांवर नियम हवेत.

नितीन, घाटकोपर

मृणालताई, माहिती चांगली आहे, पण निष्कर्ष पटला नाही. यातलं बरंचसं अमेरिकेतलं आहे. दूध सगळ्यात मागे ठेवतात म्हणजे अख्खं दुकान फिरावं लागतं, हे नेहमी सांगतात. मुंबईत दुधाची पिशवी सकाळी दाराला अडकवलेली असते!

आणि वाणी काय कमी मानसशास्त्र वापरायचा? आमच्या चाळीखालच्या दुकानात उधारीची वही होती. मागची बाकी असली की आई भाव विचारायची नाही, तो देईल ती डाळ घेऊन यायची. खडे निघाले तरी परत करायला जायची नाही. आज तीच आई पाकीट उचलते, उलटसुलट करून तारीख बघते, नको असेल तर परत ठेवते, आणि कोणी तिच्या तोंडाकडे बघत नाही. ही मोकळीक तुमच्या मांडणीत कुठेच नाही.

भावाचंही बोला. २००२ मध्ये पवईला पहिलं डी-मार्ट उघडलं. पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करायचे, त्या बदल्यात भाव पाडून घ्यायचा आणि एमआरपीच्या खाली विकायचं, हा त्यांचा हिशेब. मध्यमवर्गीय घरांचे त्यातून खरोखर पैसे वाचले. लोक तिकडे रांगा लावतात ते संगीताला भुलून नाही.

अनिकेत_ठाणे

नितीनशी सहमत. शिवाय या 'संशोधना'वर फार विसंबू नका. कॉर्नेल विद्यापीठातले ब्रायन वॉन्सिंक खाण्याच्या आणि खरेदीच्या सवयींवर जगभर गाजले होते. २०१८ मध्ये विद्यापीठाच्याच चौकशीत त्यांच्या कामातला गैरप्रकार सिद्ध झाला आणि डझनाहून जास्त निबंध मागे घेतले गेले. मिलिमनचा प्रयोगही एकाच दुकानातला आहे.

रॅकवाला

मी काही वर्षं एका बिस्किट कंपनीसाठी मर्चंडायझर, म्हणजे दुकानांत कंपनीचा माल रॅकवर लावणारा माणूस, होतो, अंधेरी ते बोरिवली. संशोधन खरं-खोटं मला ठाऊक नाही, जागेचे पैसे मोजले जातात हे मात्र डोळ्यांनी पाहिलंय. रॅकच्या टोकाची जागा कंपन्या भाड्याने घेतात. कुठल्या फळीवर कुठला पुडा, किती फेसिंग (म्हणजे समोरून शेजारी-शेजारी दिसणारे पुडे), याचा छापील नकाशा असतो. सकाळी माल लावून फोटो पाठवायचा. दोन फेसिंग कमी दिसली की सुपरवायझरचा फोन. डोळ्यांसमोरची फळी जास्त मार्जिनच्या मालाला. दुकानाने स्वतः भरलेली साध्या पिशवीतली तूरडाळ, जाडे पोहे, शेंगदाणे बहुतेक खालच्या फळीवर. क्रीमची बिस्किटं लहान मुलाच्या हाताला येतील अशी. नितीनभाऊ, कंपन्या उगीच पैसे ओतत नाहीत.

मृणाल, दादर

नितीन, वहीचा मुद्दा मला मान्य आहे, वाण्याकडे परत चला असं मी म्हणतच नाही. पण तुमच्या आई पाकीट उलटून बघतात ना, तिथेच अडचण आहे. पाकिटावर एकक किंमत छापणं बंधनकारक आहे. नियम असा की माल किलोच्या आत असेल तर किंमत ग्रॅमवर छापायची, किलोच्या वर असेल तर किलोवर. समजा, ८५० ग्रॅमच्या पुड्यावर १७८ रुपये आहेत; त्यावर 'प्रति ग्रॅम ०.२१' असं येईल. शेजारी दीड किलोचा पुडा ३२२ रुपयांना. त्यावर 'प्रति किलो २१४.६७'. हजाराने गुणल्याशिवाय लहान पुडाच स्वस्त आहे हे कळत नाही, आणि तो आकडा मुंगीएवढ्या अक्षरात. मोठा पुडा म्हणजे स्वस्त, हे आपण धरूनच चालतो. सगळीकडे किलोचा भाव, आणि तो रॅकवरच्या पट्टीवर एमआरपीएवढ्याच अक्षरात, एवढी तरी मागणी करूया.

सुलभा, विलेपार्ले

ग्राहक पंचायतीचं नाव कोणी काढलं नाही याचं वाईट वाटलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ पासून आहे. शेजारच्या घरांचा संघ करायचा, मागणी आधी नोंदवायची, महिन्याचा माल एकत्र येतो आणि आपसांत वाटून घ्यायचा. रॅकच नाही, तर भुलायचं कशाला?

नितीन, घाटकोपर

सुलभाताई, आदर आहेच. पण दोघंही नोकरीला आणि घर कुलूपबंद, तर माल उतरवून घ्यायला आणि वाटायला थांबणार कोण? आमच्या इमारतीत तरी माणूस मिळणार नाही.

मृणालताई, किलोच्या भावाची पट्टी हवी, यावर मी सही करतो. माहिती वाढते, निवड माझी राहते. मात्र गल्ल्याजवळची चॉकलेटं काढा वगैरे सुरू झालं तर माझा विरोध. मुलाला नाही म्हणणं हे आईबापाचं काम.

मृणाल, दादर

तेही हवंच. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून मोठ्या दुकानांत जास्त साखर-मीठ-चरबीचे पदार्थ गल्ल्यापाशी मांडायला बंदी आहे. शनिवारी संध्याकाळी रांग लागते, मूल कंटाळलेलं, मागचा माणूस ट्रॉली टेकवतोय, आणि चॉकलेट मुलाच्या नाकासमोर. त्या क्षणी नाही म्हणायला लावणं ही निवड नाही, कोंडी आहे. आपल्याकडे २०२३ मध्ये फसव्या ऑनलाइन युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं आली, त्यात गुपचूप कार्टमध्ये माल टाकणंही आहे. दुकानातल्या मांडणीबद्दल मात्र कोणी बोलत नाही.

रॅकवाला

बोलणार नाहीत. आमच्या कंपनीच्या भाड्याच्या यादीत गल्ल्याजवळची हातभर जागा सगळ्यात महाग होती. दुकान ती आपणहून सोडणार नाही.