रा. रा., गं. स्व., डब्ल्यू. जी. : वडोद्याच्या जुन्या कागदांतली तोडकी नावं कशी उलगडायची?

दांडियाबाजार (प्रश्न)

वडोद्यातल्या एका मराठी घराण्याची वंशावळ जुळवतोय. चार कागद हाताशी आहेत. आडनाव चारही ठिकाणी स्पष्ट आणि एकच आहे (इथे देत नाही), पण पहिलं नाव कुणीही पूर्ण लिहिलेलं नाही.

१. शके १८११, भाद्रपदातली मोडी यादी. ओळ अशी : रारागोवि, मग आडनाव, शेवटी ५॥.
२. घराच्या नोंदीची गुजराती नक्कल, संवत १९६१, माघ. नाव : गं. स्व. य. ग.
३. बाळबोधीतलं १९१२ चं पगारपत्रक. नाव : चि. ना.
४. पेन्शनरांची इंग्रजी यादी, १९३२. नाव : डब्ल्यू. जी.

माझा अंदाज : पहिला गोविंद, दुसरा गंगाधर. तिसऱ्यात चि. म्हणजे चिरंजीव, तेव्हा ना. हा यांच्यापैकीच कुणाचा तरी मुलगा नारायण. चौथ्याचं काहीच सुचत नाही, मराठीत डब्ल्यूचं नाव कुठलं असणार? आणि ५॥ मधले दोन दंड म्हणजे 'वगैरे' का? गोविंद आणि गंगाधर यांना भाऊ दाखवून पुढे जाऊ का?

बोरू

इतक्यात कुणालाही भाऊ करू नका. नावांच्या तुमच्या तीन उलगड्यांपैकी दोन तर नक्की चुकलेत आणि पहिलाही संशयाचाच आहे.

आधी मराठी रिवाज. आपल्याकडे नाव तोडताना पहिलं अक्षर काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वारासकट ठेवतात. त्यामुळे ग., गं. आणि गो. ही तीन वेगळी माणसं. ग. म्हणजे गणेश, गणपत, गजानन. गं. म्हणजे गंगाधर, गंगाराम. गो. म्हणजे गोपाळ, गोविंद. तसंच व. वेगळा, वा. (वामन, वासुदेव) वेगळा आणि वि. (विष्णु, विनायक, विठ्ठल, विश्वनाथ) वेगळा. आडनाव सहसा तोडत नाहीत. म्हणून आडनावाच्या आधीची अक्षरं मोजायची : दोन असतील तर स्वतःचं आणि वडिलांचं. तीन असतील तर पहिलं बहुतेक उपाधी.

आता तुमची मोडी ओळ. मोडीत शिरोरेघ आधी आडवी ओढून घेतात आणि अक्षरं तिच्याखाली सलग लटकवतात, दोन शब्दांत जागा सोडत नाहीत. रारा म्हणजे राजमान्य राजेश्री, ते बाजूला काढा. उरतं गोवि. घाईच्या मोडीत अनुस्वार सर्रास गळतो, तेव्हा हे तोडकं 'गोविं' असू शकतं. पण तितक्याच सहज ते 'गो. वि.' असू शकतं, म्हणजे गोपाळ विष्णु, गोविंद विनायक, काहीही. एका ओळीवरून ठरणार नाही, त्याच यादीतल्या वरच्या-खालच्या दहा-बारा ओळी बघा. कारकून एकच असतो आणि त्याची सवयही एकच. बाकीच्या ओळींत दोन-दोन अक्षरं असतील आणि ती जोडून ओळखीचं नाव होत नसेल (नाबा, भिरा असं काही), तर तुमचीही गो. वि. धरा. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेलांटीचा भेद पाळत नाहीत, तेव्हा वि की वी यावर वेळ घालवू नका.

५॥ म्हणजे साडेपाच. एक दंड पाव, दोन अर्धा, तीन पाऊण. पण हेच दोन दंड अक्षरापुढे आले तर संक्षेपाची खूण असते, जसं मौ॥ म्हणजे मौजे. आकड्यापुढे आले तर रक्कम, अक्षरापुढे आले तर तोडका शब्द. नावाचा रकाना आणि रकमेचा रकाना चिकटलेले असले की इथेच घोळ होतो.

आणखी एक. दोन अक्षरांमध्ये सुटा 'व' दिसला तर लगेच वामन म्हणू नका. 'ना व गो' म्हणजे नारायण आणि गोपाळ अशी दोन माणसं असू शकतात, किंवा तो 'वलद' असेल, म्हणजे अमक्याचा मुलगा.

हक्कपत्रक

दुसऱ्या कागदापुरतं सांगतो. त्यात गंगाधर कुठेच नाही. गं. स्व. म्हणजे गंगास्वरूप, आपल्याकडे जसं गं. भा. तसं गुजरातीत विधवेच्या नावाआधी लावतात. पुढचं य. हे बाईंचं नाव, यमुना किंवा यशोदा. ग. हे नवऱ्याचं. म्हणजे घर एका बाईच्या नावावर चढलं आहे आणि तिचा नवरा ग. त्या आधी वारलेला आहे. एवढ्यातच तुम्हाला मृत्यूची एक मर्यादा मिळाली, ती सोडू नका. गुजराती संवत कार्तिकात सुरू होतो. १९६१ माघ म्हणजे ५६ वजा करून १९०५. कार्तिक-मार्गशीर्षाची नोंद असती तर ५७ वजा करून १९०४ आलं असतं. (शकाचं उलट : १८११ भाद्रपद म्हणजे ७८ मिळवून १८८९, पण त्याच शकाचा फाल्गुन १८९० मध्ये जातो.)

गुजरातीतही नाव मात्रेसकट तोडायची पद्धत आहे. म्हणून ग. आणि तुमच्या मोडी यादीतला गो. एक धरायचे असतील तर तसं सिद्ध करावं लागेल. पण तुमच्याकडे आहे ती नक्कल. नकलेत काना-मात्रा, अनुस्वार पडतात, कारण उतरवणाऱ्याला ही घराणी ओळखीची नसतात. मूळ वही बघायला मागा. बघताना अजून एक सांभाळा : गुजराती र आणि २, तसंच प आणि ५, जवळजवळ सारखे दिसतात. र. म्हणून वाचलेला रघुनाथ अनुक्रमांक दोन निघतो आणि परशुराम पाच निघतो.

नोंदीत नुसतं नाव वाचू नका, ती का झाली हे वाचा. वारसाने, वाटणीने की विक्रीने. वारसाने असेल तर मयताचं नाव फेरफाराच्या मजकुरात बहुधा पूर्ण असतं, तोडलेलं फक्त रकान्यात असतं. रकाना अरुंद, हे साधं कारण.

सुरसागर

इंग्रजी यादीबद्दल. जुने इंग्रजी लिहिणारे 'व' साठी व्ही आणि डब्ल्यू दोन्ही वापरत. वामन, वासुदेव तर डब्ल्यूने लिहीतच, पण विष्णु आणि विनायकसुद्धा डब्ल्यूने लिहिलेले सापडतात. म्हणजे डब्ल्यूवरून वा. की वि. हे कळत नाही. जीचं तर विचारूच नका : ग, गं, गो, गु, घ सगळे त्यात बसतात. के म्हणजे का, के, कृ किंवा खं. एस म्हणजे स, शं, श्री. डीमध्ये द, दा, धों आणि कधी ज्ञा. इंग्रजी आद्याक्षरावरून मराठी नाव काढू नये. मराठी कागदावरून निघालेलं नाव इंग्रजीशी जुळतं का, एवढंच तपासावं.

तिसऱ्या कागदातलं चि. चिरंजीव नाही. लग्नपत्रिकेत किंवा वडिलांच्या पत्रात चि. असतं तर तसं मानलं असतं, पगारपत्रकात आशीर्वाद देत नाहीत. तिथे दोनच अक्षरं आहेत, म्हणून चि. हे नाव : चिमणाजी, किंवा अनुस्वार गळला असेल तर चिंतामण, जुन्या वळणाचं चिंतो. ना. हे वडील. असे दुहेरी वेषातले आणखी आहेत. श्री. हा श्रीधर, श्रीपादही असतो. रा. तिसऱ्यांदा आला तर रामचंद्र. ना. वर्तमानपत्रात नामदार असतो. मा. हा माधव किंवा माननीय.

पिढ्यांचा सापळा जास्त वाईट. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवायची चाल असल्यामुळे विष्णु गणेश, गणेश विष्णु, पुन्हा विष्णु गणेश अशी साखळी चालते. एकच आद्याक्षरं एक पिढी सोडून परत येतात. १८८९ मध्ये ज्याचा मुलगा स्वतःच्या नावाने यादीत येतो, तो बाप १९३२ च्या पेन्शन यादीत असण्याची शक्यता फार कमी, म्हणून तुमचा डब्ल्यू. जी. झालाच तर त्या बापाचा नातू.

उलटही होतं, एकाच माणसाची दोन आद्याक्षरं. रघुनाथ म्हटलं की र., राघो म्हटलं की रा. वडिलांच्या जागी बाळाजीचं बल्लाळ होतं : बाळाजी विश्वनाथांचे चिरंजीव म्हणूनच बाजीराव बल्लाळ. तेव्हा एका कागदात बा. आणि दुसऱ्यात ब. असेल तर बाप एकच असू शकतो. घरातल्या हाका तर वेगळ्याच. नाना फडणवीस कागदावर बाळाजी जनार्दन.

आणि दत्तक. वडोद्यात राहून हे विसरू नये. कवळाण्याचे गोपाळराव काशीराव १८७५ मध्ये दत्तक आले आणि सयाजीराव खंडेराव झाले. दोन्ही अक्षरं बदलली. साध्या घरात बहुधा फक्त वडिलांचं अक्षर बदलतं, पण तेवढ्याने माणूस वंशावळीतून गायब होतो. बायकांचं लग्नानंतर नाव बदलतं : देवासच्या गजराबाई सयाजीरावांशी लग्न होऊन इथे चिमणाबाई झाल्या. म्हणून य. बाईंचं माहेर शोधताना य. अक्षर धरून शोधू नका.

दांडियाबाजार

मोडी यादीच्या आणखी चौदा ओळी पाहिल्या. सगळ्यांत दोन-दोन अक्षरं आहेत : नाबा, भिरा, त्र्यंस, दागो. एकही पूर्ण नाव नाही. तेव्हा गो. वि. धरतो. म्हणजे आता गो. वि., ग. (पत्नी य.), चि. ना. आणि डब्ल्यू. जी. असे चौघे, आणि नातं एकाचंही सिद्ध नाही. डब्ल्यू. जी. हा गो. चा मुलगा की ग. चा?

बोरू

त्र्यंस चांगला पुरावा आहे, त्र्यंबकचा अनुस्वार या कारकुनाने दिलाय. म्हणजे तो अनुस्वार गाळणारा नाही आणि गोविंद आणखी मागे पडला.

डब्ल्यू. जी. कुणाचा हे या चार कागदांवरून निघणार नाही. गो. च्या थोरल्या मुलाचं नाव आजोबांवरून वि. असण्याचा संभव आहे, पण ग. चे वडीलही वि. असतील आणि दोघे सख्खे भाऊ असतील तर दोन्ही घरांत एकेक वि. निघू शकतो. एक तरी पूर्ण नाव हवं. सोप्याकडून अवघडाकडे जा. पेन्शनर शिकलेला असणार, तेव्हा शाळेचं वयपत्रक : त्यात मुलाचं आणि वडिलांचं नाव बहुधा पूर्ण असतं, जन्मतारीखही मिळते. मग मूळ फेरफार, वर हक्कपत्रक म्हणाले तसा. मग नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांची वही. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं, वडोदं सांगून उपयोग होत नाही, कोकणातलं किंवा देशावरचं गाव लागतं. तिथे यात्रेकरू स्वतः नाव लिहितो, बापाचं, आजोबांचं आणि भावांची नावंही, सहसा न तोडता. संस्थानचं मोडी दफ्तर राज्य अभिलेखागाराच्या वडोद्याच्या शाखेत आहे, पण तिकडे नाव आणि साल निश्चित झाल्यावर जा, नाहीतर रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) सोडण्यातच दिवस जातो.

तोवर वंशावळीत नाव पूर्ण लिहू नका. एका रकान्यात कागदावर जसं आहे तसं, टिंबांसकट. शेजारी लिपी आणि मूळ की नक्कल. मग इसवी सन, आणि शेवटच्या रकान्यात शक्य नावं प्रश्नचिन्हासह. एकदा 'गोविंद' टाइप केलं की पुढचा प्रत्येक जण ते कागदावरचं समजून उतरवत जातो.

हक्कपत्रक

मूळ वही मागताना अर्जात संवत आणि इसवी सन दोन्ही लिहा आणि 'य. ग.' ऐवजी घराचा नंबर द्या. नावावरून शोधायला सांगितलं तर कारकून गं. खालीच शोधत बसेल.